मेढीभोवतीचा बास्केटबॉल

देशभरातल्या क्लबांची पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा आजवर कोणी कोणी जिंकली, हे जाणकार सांगतील. खामगावकडच्या आमच्या उंद्रीच्या क्लबाचं नाव कोणी सांगणार नाही. ते का, हे मात्र मला नीट ठाऊक आहे, आणि त्यातला बराच दोष माझ्या वाट्याला येतो.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. माझा चुलतभाऊ अमरावतीहून हा खेळ शिकून आला होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. जिल्ह्यात जिंकायचं, मग नागपूर, आणि मग एकदा तरी देशाच्या स्पर्धेत उतरायचं, हा त्याचा एकच ध्यास. त्याची तिशी उलटली होती. "औंदा नाही तं कधीच नाही," म्हणायचा.

मैदान म्हणून आमचं खळं मिळालं. ज्वारीची मळणी आटोपली होती, जमीन सारवून घट्ट झालेली, चेंडू झकास उसळायचा. दोन टोकांना बल्ल्या रोवून विहिरीच्या मोटेची गोल लोखंडी कडी बास्केट म्हणून ठोकली. अडचण एकच होती. खळ्याच्या मधोमध मेढ होती, म्हणजे मळणीच्या वेळी बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब.

"काका, मेढ काढू द्या," दादा माझ्या वडिलांना म्हणाला. "खेळ झाला का परत रोवू."

"तुह्या चेंडूपाई बरकत उपटू काय?" बाबा म्हणाले. "बैल इतकी वर्सं फिरून राह्यले तिच्याभवती. कोण्या बैलानं तक्रार केली काय?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. खळं आमचं, मुलगा मी. दोन शब्द बोलायला हवे होते. मी म्हणालो, "बाबा म्हणते ते बराबर आहे."

मग मेढीसकट सराव सुरू झाला. आधी कपाळं फुटली, खांदे शेकले. हळूहळू मात्र आम्ही इतके तरबेज झालो की चेंडू आपटत, मेढीकडे न पाहता, डावीकडून झोकात वळसा घ्यायचो. बाबा बांधावर बसून कौतुकानं पाहायचे.

जिल्ह्याचा सामना खामगावला, कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांच्या क्लबाशी होता. तिथलं मैदान सपाट आणि मोकळं. शिट्टी वाजली, आम्ही चेंडू घेऊन सुटलो आणि मधोमध येताच पाचही जण वळसा घालून गेलो.

"काऊन बे, मंधात साप आहे काय?" प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं.

जिनिंगवाले दचकले. तेही मधोमध आले की थबकून खाली पाहू लागले. त्या गोंधळात आम्ही पुढे गेलो. दादाचा चेहरा असा फुलला होता की जणू नागपूरची गाडी लागलीच आहे. पण मध्यंतरानंतर त्यांना कळलं की तिथं काहीच नाही. ते सरळ धावू लागले, आमचा वळसा काही सुटेना.

शेवटी एका गुणानं मागे होतो. चेंडू माझ्याकडे आला. समोर कोणी नाही, कडं थेट दिसत होतं.

"सरळ जाय बे!" दादा ओरडला. "मेढ घरी आहे!"

हे मलाही पटत होतं. पायांना पटलं नाही. मी वळसा पुरा केला तेव्हा शिट्टी वाजून गेली होती.

सामना पाहायला आलेले बाबा आनंदानं मैदानात आले. "पाहा," ते चारचौघांना सांगू लागले, "खामगावात येऊनसुद्धा पोरायनं मेढीले धक्का नाही लावला!"

मी दादापाशी गेलो. "दादा, माह्यामुळं झालं. तवाच बोललो असतो तं..."

तो उत्तर देणार एवढ्यात जिनिंगवाल्यांचा कप्तान आला. त्यांचा एक गडी जायबंदी झाला होता. तो दादाला म्हणाला, "नागपूरले आमच्याकडून खेळता काय, भाऊ? नेम चांगला आहे तुमचा. फक्त मंधातून सरळ पळा लागन."

दादानं मोकळ्या मैदानाकडे एकदा पाहिलं. मग खो-खो हसत सुटला.

"सरळ पळता आलं असतं," तो म्हणाला, "तं तुमच्याशी हारलो असतो काय?"

आणि माझ्या खांद्यावर हात टाकून एस्टीकडे चालू लागला. हात जड होता, पण मी तो काढला नाही.