शाईच्या डबीवरचा हात

शाईच्या डबीवर पालथा पंजा ठेवून सिस्टर म्हणायच्या, "आधी कान, मग अंगठा."

बहात्तर-त्र्याहत्तर सालची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी कारकून होतो. माझी पद्धत सोपी होती. सकाळी रांगेतच बायकांचे अंगठे कोऱ्या संमतीपत्रांवर घ्यायचे, मजकूर दुपारी निवांत भरायचा. सिस्टर आल्या त्याच आठवड्यात त्यांनी तो गठ्ठा माझ्यासमोर टराटरा फाडला. मला संताप आला, खोटं कशाला बोलू? पुढं त्या प्रत्येकीला कागद वाचून दाखवायच्या आणि वर विचारायच्या, "काय कळलं ते सांग बघू." एकेकीला अर्धा तास! माझा डबा रोज गार. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. चांगली असतात, पण कामाचा पार खोळंबा करतात.

पुण्याहून एक डॉक्टर यायचे. ऑपरेशनात काढलेले बीजकोश बाटलीत घालून न्यायचे. बाईच्या पोटातल्या बीजावर त्यांचं संशोधन चाललं होतं. एकदा सोनईची एक शेतकरीण गाठीच्या ऑपरेशनला आली. सिस्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"डॉक्टर, यात ऑपरेशन लिहिलंय. बाटली कुठं लिहिलीय?"

"अहो सिस्टर, एरवी टाकूनच द्यायचं असतं ते!"

"मग तसं तिला सांगते."

सांगितलं. शेतकरणीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यातनं पोर व्हतं का वो?"

सिस्टरांनी डॉक्टरांकडं पाहिलं. "आज तरी नाही," ते म्हणाले.

"आज न्हाई म्हंजी उद्या व्हईल. मग नगं. काय निघंल ते माज्या मान्सांकडं द्या. आमी पुरू रानात."

डॉक्टर रिकामी बाटली घेऊन परतले. महिन्याभरात सिस्टरांची बदली झाली, थेट डोंगरात, राजूरला. ती कुणी करवली हे कुणाला विचारावं लागलं नाही.

निघायच्या दिवशी त्यांची ट्रंक मी एसटीच्या टपावर चढवली आणि एकदाचं बोलून टाकलं. त्या यायच्या आधी माझ्या बायकोचंही तेच ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बाटलीचं मला विचारलं, मी 'न्या' म्हणालो. तिला आजवर सांगितलं नव्हतं.

"मला काय सांगता, भाऊसाहेब?" सिस्टर म्हणाल्या. "घरी सांगा."

संध्याकाळी घरी सांगितलं. भाकरी थापता थापता बायकोचा हात थांबला.

"मीही 'न्या'च म्हणाले असते," ती म्हणाली. "पण मला विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तव्यावरची भाकरी करपली, तरी दोघांपैकी कुणी ती उतरवली नाही. सिस्टर तोवर राजूरला पोचल्या असतील.