सत्यशीलाअक्काची जीप

आमच्या सत्यशीलाअक्काने आयुष्यातलं पहिलं खेळणं घेतलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि भोकरदनच्या एका शाळेत मास्तरीण होती. सन अठ्ठ्याहत्तर. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर बद्रीनाथशेठचं दुकान होतं, तिथे काचेच्या कपाटात मुंबईहून आलेल्या रिमोटच्या दोन गाड्या ठेवलेल्या. रिमोट म्हणजे वायरचं. हातात बटणांची डबी, डबीत टॉर्चचे सेल, डबीतून गाडीपर्यंत वायर, आणि गाडीमागे आपण पळायचं. एक गाडी लालभडक, लांबडी, पुढे दिवे, वर भोंगा. दुसरी आखूड जीप, रंग ओल्या मातीचा, पाठीला छोटासा हौदा.

मी प्रभावती, अक्कापेक्षा सहा वर्षांनी धाकटी, कॉलेजात जाणारी आणि घरात सगळ्यात जास्त बोलणारी. मी ताबडतोब लाल गाडीवर बोट ठेवलं. अक्काने मात्र दोन्ही गाड्या उलट्या करून पोटाकडून पाहिल्या. मग सेल घालायला लावले, गाडी हातात धरून बटण दाबलं आणि फिरत्या चाकावर बोट टेकवलं. लाल गाडीचं चाक भन्नाट फिरत होतं, पण बोट लागताच गप्प झालं. जीपचं चाक फिरायचं रेंगाळत, पण बोटालाच ढकलायला लागलं.

“हिच्या पोटात दातेरी चाकं जास्त आहेत,” अक्का म्हणाली. “पळणार कमी, ओढणार जास्त. शेठ, ही द्या.”

“ताई, सगळे लोक लाल मागून राह्यले,” बद्रीनाथशेठ म्हणाले. “काल तुमच्याच भोकरदनचे एक सर घेऊन गेले.”

“म्हणूनच ही द्या.”

मला इतका राग आला की सांगायची सोय नाही. एवढ्या वर्षांत घरात एक खेळणं येतंय, तेही मातीच्या रंगाचं!

पण अक्काला खेळायचं नव्हतंच. तिच्या शाळेतले विज्ञानाचे सर निवृत्त झाले होते आणि आठवीच्या विज्ञानाचे तास कोणाला द्यायचे हे हेडमास्तरांचं ठरत नव्हतं. पदवी अक्काकडे होती, तरी हेडमास्तर तिला मुलींचं शिवणकाम घ्या म्हणून मागे लागले होते. “बाईमाणसाला ते शोभतं,” हे त्यांचं शास्त्र. दुसरे उमेदवार रामकिसन सर. ते गणिताचे, पण पुरुष. शेवटी अक्का अडूनच बसली तेव्हा हेडमास्तर म्हणाले, डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आपल्याच शाळेत आहे. तुमच्या दोघांपैकी ज्याचं उपकरण औरंगाबादच्या प्रदर्शनासाठी निवडलं जाईल, त्याला विज्ञान. दुसऱ्याने जे मिळेल ते मुकाट घ्यायचं. अक्काला वर्गाला जोर आणि वेग यातला फरक डोळ्यांनी दाखवायचा होता. तिने ठरवलं, गाडी फळीवरून चढवायची.

शनिवारी संध्याकाळी ती एस.टी.ने जालन्याला घरी यायची आणि रविवारभर अंगणात तिची फळी मांडलेली असायची. एक टोक जमिनीवर, दुसरं तीन विटांवर. पहिल्या रविवारी जीप फळीच्या मध्यापर्यंत गेली आणि जागच्या जागी चाकं फिरवत बसली. चाकं कडक प्लॅस्टिकची, गुळगुळीत. आमचे वडील बाजेवर बसून बघत होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गल्लीत ते भिवा गाडीवान. स्टेशनातून आडत्यांच्या दुकानांपर्यंत पोती वाहायची त्यांची बैलगाडी होती.

“चाकांना बैलगाडीसारखी लोखंडी धाव ठोकून देऊ का?” आबांनी विचारलं. ते गंभीरपणे विचारत होते की थट्टेने, हे आजही मला माहीत नाही.

अक्काने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबरी चकत्या कापल्या आणि चाकांवर ताणून बसवल्या. पुढच्या रविवारी जीप विटांपर्यंत पोचली. त्याच्या पुढच्या रविवारी चार विटांवर. अक्काच्या तोंडावर हसू दिसायला लागलं. मीसुद्धा जीपला नावं ठेवणं बंद केलं, अर्थात तसं बोलून दाखवलं नाही.

आणि मग वंगणाचं प्रकरण झालं. प्रदर्शनाला आठवडा उरला होता. दुपारी अक्का जेवायला बसली असताना आबांनी जीप कानाशी धरली. आतली दातेरी चाकं कुरकुरत होती. कुरकुरणाऱ्या चाकाला काय लागतं, हे आबांना कोणी सांगायची गरज नव्हती. बैलगाडीखाली वंगणाचा बांबूचा नळा लटकत होता. त्यातलं जळक्या ऑइलचं काळंभोर वंगण त्यांनी काडीने जीपच्या पोटात चांगलं ठासून भरलं, वर फडक्याने जीप पुसून जागेवर ठेवली. माणूस लेकीसाठी किती मायेने घाण करू शकतो!

अक्काने बटण दाबलं. जीप एकदा हुंकारली आणि मुकी झाली.

“आबा, ही बैलगाडी न्हाई!” अक्का ओरडली. “तुमाला जे कळत न्हाई त्यात हात कशाला घालता?”

आबा उठले आणि बैलांना वैरण टाकायला गेले. वैरण सकाळीच टाकली होती. मी आणि अक्काने दोन तास बसून कापसाच्या वातीने आणि रॉकेलने एकेक दाता साफ केला, मग शिवणयंत्राच्या तेलाचे दोनच थेंब सोडले. जीप चालायला लागली. आबांशी बोलायला मात्र अक्का गेली नाही. चूक कळली की तिची जीभ जड व्हायची, हा तिचा जुना दुर्गुण.

प्रदर्शनाच्या दिवशी आबांनी गाडी जुंपली नाही. धुतलेलं धोतर नेसून माझ्याबरोबर भोकरदनच्या बसमध्ये बसले. “लांबून बघतो,” म्हणाले. शाळेचा मोठा वर्ग गच्च भरला होता. मी आत घुसले, आबा दाराबाहेर चपला काढून तिथेच उभे राहिले.

रामकिसन सरांची लाल गाडी सुसाट पळाली. भोंगा वाजला, दिवे लागले, पोरांनी टाळ्या पिटल्या. तपासायला आलेल्या साहेबांनी ती अक्काच्या फळीवर ठेवायला सांगितली. गाडी वीतभर चढली, घसरत खाली आली आणि भोंगा वाजवत बसली. सर स्वतःच हसले. मग अक्काची जीप. रेंगाळत, कुठेही न थांबता चार विटांवर चढून गेली. मी बद्रीनाथशेठला मनातल्या मनात नमस्कार घातला.

पण साहेबांचं समाधान झालं नाही. “रिकामी तर चढली. ओझं घेऊन चढेल का?” त्यांनी वजनपेटीतून दोनशे ग्रॅमचं पितळी वजन काढून जीपच्या हौद्यात ठेवलं.

ओझ्याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. अक्काने बटण दाबलं. जीप फळीवर चढली मात्र, तिचं तोंड वर उठलं आणि ती पाठीवर उताणी पडली. वजन गडगडत हेडमास्तरांच्या पायाशी गेलं. पोरं हसली. अक्काने पुन्हा ठेवून पाहिलं, जीप पुन्हा उताणी. हेडमास्तर वजन उचलत म्हणाले, “राहू द्या बाई. शिवणकामातही विज्ञान असतंच की.”

अक्काचे कान लाल झाले.

“उलाळ होऊन राह्यली गाडी!” दारातून आवाज आला. आबांचा. न राहवून बोलले होते आणि बोलून घाबरले होते, कारण सगळा वर्ग त्यांच्याकडे वळला होता.

“कोण ते?” साहेबांनी विचारलं.

“माझे वडील,” अक्का म्हणाली. “जालन्याला बैलगाडी हाकतात. आबा, आत या.”

आबा अनवाणी पुढे यायला लागले.

“चपला घालून या,” अक्का म्हणाली. “इथे सगळे घालूनच उभे आहेत.”

आबांनी चपला घातल्या. आत आले, जीपकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “मला यातलं कळत न्हाई, शीला. तू म्हन्ल्ती ना, ही बैलगाडी न्हाई.”

“बैलगाडीच आहे ही, आबा,” अक्का म्हणाली. तिचे शब्द मागच्या बाकापर्यंत ऐकू गेले. “मीच चुकले होते. सांगा, ओझं कुठे ठेवू?”

मग आबा बोलायला लागले ते अंगणात बोलावं तसे. “सगळी पोती मागं रचली की गाडी उलाळ होती, जू वर उठतं, बैलाला फास बसतो. ओझं जरासं पुढं घे. पार पुढं नको, मंग मागची चाकं घसरतील. बराबर मागच्या आसाच्या म्होरं ठेव.” त्यांनी जीपच्या सीटवर बोट टेकवलं. अक्काने माझ्याकडे हात केला, मी वेणीची रिबीन सोडून दिली, आणि वजन तिथे करकचून बांधलं गेलं.

जीप निघाली. एका विटेइतकी उंची, मग दोन विटांची. तोंड जमिनीला धरून ठेवल्यासारखं. तिसऱ्या विटेशी जरा थबकली तेव्हा आबांनी नकळत जिभेने टक्‌टक्‌ केलं, बैलांना करतात तसं. जीप चौथ्या विटेवर पोचली, आणि वर्गात जो कल्ला झाला त्यात मीच सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत रामकिसन सर पहिले होते.

साहेबांनी अक्काला कारण विचारलं. तिने फळ्यावर बैलगाडी काढली, आस काढला, भाराचा बाण काढला आणि आठवीच्या पोरांना ‘उलाळ’ शब्द वहीत लिहून घ्यायला लावला. जीप औरंगाबादला निवडली गेली. सोमवारी हेडमास्तरांनी स्वतःच्या हाताने वेळापत्रकात अक्काचं नाव विज्ञानापुढे लिहिलं. पुढे बत्तीस वर्षं ते तिथून हललं नाही.

औरंगाबादला जाईपर्यंत जीप सांभाळायचं काम अक्काने आबांना दिलं, शिवणयंत्राच्या तेलाच्या बाटलीसकट. परतीच्या बसमध्ये आबा ती मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, “काय बाबा, नातवाला खेळणं घेतलं का?”

“खेळणं न्हाई,” आबा म्हणाले. “माझ्या पोरीची गाडी हाय. विज्ञान शिकविती ती.”