न उकळलेलं तीर्थ

चैत्र लागला की भोपाळच्या कारखान्याच्या आमच्या वसाहतीत कडुलिंब मोहरतो. संध्याकाळी पाळी सुटल्याचा भोंगा होतो, गोविंदपुऱ्याच्या रस्त्याने सायकलींची रांग घराकडे वळते, आणि त्या धुळीवर, घामावर, दिवसभर तापलेल्या डांबरावर तो मंद, मधुर, किंचित कडसर परिमळ पसरत जातो. तुम्ही म्हणाल, किती रम्य! मलाही एके काळी तसंच वाटायचं. आता तो वास नाकात शिरला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी उठते आणि खिडक्या लावून घेते.

दुःखाविषयी आपण इतकं हळुवार लिहितो, बोलतो. रागाविषयी का नाही? काळ गेला की दुःख निवळतं म्हणतात. माझा राग निवळला नाही आणि मला तो निवळायला नकोही आहे.

आमच्या क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून सुनंदाचं क्वार्टर होतं. ती मूळची अमरावतीची, नवरा कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा, आणि त्यांची सहा वर्षांची वैजू अर्धा दिवस माझ्याकडेच असायची. मला मूल नाही. ते दुःख मी वैजूच्या वेण्या घालण्यात विसरत असे, हे आता सांगायला हरकत नाही. एका हिवाळ्यात तिच्या अंगावर निळे डाग दिसू लागले, ताप उतरेना, आणि तपासण्यांच्या अंती रक्ताचा कर्करोग निघाला. ज्या वेण्या मी घालत होते ते केस महिन्याभरात उशीवर गळून पडले.

पण मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पूर्वी ही मुलं हातची जात, आता यांतली पुष्कळ वाचतात. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी आयुष्यं वेचून, एकेका औषधाची मात्रा ताडून पाहून, हे जगणं शक्य केलं होतं. त्या अनोळखी माणसांना मी मनोमन हात जोडत असे. आजही जोडते. माझा राग त्यांच्यावर नाही.

औषध रोग मारतं, पण औषध चालू असताना मूल जगवावं लागतं, आणि ते काम सुनंदाच्या गळ्यात पडलं होतं; इस्पितळातल्या दुसऱ्या आयांचं पाहून ती शिकली. पाणी वीस मिनिटं उकळायचं. वैजूचं ताट-वाटी वेगळी. तोंडात फोड आले की मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, दिवसातून सहा वेळा, पोर रडली तरी. कुणी भेटायला आलं की सुनंदा त्यांना व्हरांड्यातच बसवी. आमच्या वसाहतीत आजारी माणसाला भेटायला जाणं हा धर्म; संत्री घेऊन जायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, चहा पिऊन निघायचं. दारातून परत पाठवलेल्या बायका सुनंदाला शिष्ट म्हणू लागल्या. खोटं कशाला बोलू, मीही एकदा म्हणाले होते.

फाल्गुनात डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात आता रोगाच्या पेशी दिसत नाहीत. औषधं अजून दोन वर्षं चालतील, पण पहिली लढाई जिंकलो. सुनंदाचा नवरा पेढे घेऊन घरोघर फिरला. आणि मी, ही मीच, म्हणाले, सुनंदा, चैत्री पौर्णिमेला सत्यनारायण घाल. सगळ्या वसाहतीने नवस बोललेत तिच्यासाठी. ती घुटमळली. गर्दी होईल, ताई. मी म्हणाले, देवाच्या कार्याला गर्दी कसली!

इस्पितळातून निघताना सुनंदाला औषधांचे तक्ते मिळाले होते, तारखा मिळाल्या होत्या, आणि जाता जाता कुणीतरी एक वाक्य सांगितलं होतं : बच्ची को बाहर का खाना मत देना. एवढंच. कोण काय देतं, कशातून देतं, कुठल्या घरात कशाला बाहेरचं समजतात, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. बाहेरचं म्हणजे हॉटेलचं, ठेल्यावरचं, असं आम्ही दोघींनी धरलं. देवापुढचं कधी कुणाच्या घरात बाहेरचं असतं का?

पंचामृत मी केलं होतं. निरसं दूध, कारण पूजेला उकळलेलं दूध घेत नाहीत. माझ्या हातचं विरजलेलं दही, तूप, मध, साखर. दुपारी बाराला कालवलेलं ते भांडं भोपाळच्या उन्हाळ्यात कथेचे पाचही अध्याय होईपर्यंत देवापुढे होतं. आरती झाली. वैजू नव्या परकरात माझ्यासमोर आली आणि उजव्या हाताचा पसा पुढे केला, मी शिकवला होता तसा. सुनंदा हलकेच म्हणाली, "ताई, हे उकळलेलं नाही ना?" मी हसले. "तीर्थ कुणी उकळतं का गं? खुळी कुठली!" आणि पळी ओतली. वैजूने तीर्थ घेतलं, ओला तळवा रीतीप्रमाणे डोक्यावरून फिरवला, आणि तो गुळगुळीत टकलावरून घसरला म्हणून खुदकन हसली. मग मी पळी भांड्यात ठेवली आणि व्हरांड्यातल्या लोकांना शिरा वाटायला गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप भरला. कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत, तापाचं औषध पाजत आम्ही संध्याकाळी तिचे वडील घरी येण्याची वाट पाहिली; ताप चढला की तासाभरात इस्पितळ गाठायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिथे पोचलो तेव्हा तिचे हातपाय गार पडत चालले होते. दोन दिवसांनी वैजू गेली.

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य ऐका. ते म्हणाले, "बीमारी तो कंट्रोल में थी." रोग आटोक्यात होता! म्हणजे औषध जिंकलं. संशोधन जिंकलं. फक्त मूल तेवढं गेलं! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला इस्पितळाच्या पायरीवर उभं असताना कळलं. एवढं महागाचं औषध सातासमुद्रांपलीकडून आणता, त्याचा थेंबन् थेंब मोजता, आणि दुधाविषयी एक शब्द सांगत नाही? पाण्याविषयी, तोंडातल्या फोडांविषयी, तापाविषयी, पाहुण्यांविषयी? त्याला तुम्ही साहाय्यक उपचार म्हणता. कोण कुणाचा साहाय्यक? जी गोष्ट नसली तर मूल मरतं, ती दुय्यम कशी? आणि वसाहतीतल्या बायका आल्या, डोळे पुसत म्हणाल्या, देवाला आवडली. त्यांना मी दारातूनच हाकललं. पण अंथरुणावर पडलं की सगळा राग वळून माझ्याच अंगावर यायचा, कारण पळी माझ्या हातात होती.

सुनंदा मला एका शब्दाने बोलली नाही. डाळ फोडणीला घातली की वाटीभर आणून द्यायची, पूर्वीसारखीच. तो तिचा चांगुलपणा मला रोज सोलून काढत होता.

दीड वर्षाने एक तरुण डॉक्टर मुलगी वसाहतीत आली. इथल्याच टी. टी. नगरात वाढलेली, आई मराठी, बोलणं अर्धं हिंदी. रोग आटोक्यात आलेली मुलं घरी गेल्यावर का दगावतात, याचा ती अभ्यास करत होती आणि त्यासाठी घरोघर जाऊन आयांना विचारत होती. सुनंदाने मला सोबत बसवलं. मुलगी म्हणाली, "आंटी, टेन्शन नका घेऊ, कुणाची गलती नाही काढायची आहे. शेवटच्या आठवड्यात तिनं काय काय खाल्लं, जे आठवते ते सांगा." सुनंदा जमिनीकडे पाहत घडाघडा सांगू लागली. वरण-भात. उकळलेलं दूध. सोललेलं केळं. "बाहेरचं काही नाही. काहीच नाही."

मुलगी लिहून घेत होती. मला वाटलं, सुनंदाने मला वाचवलं. क्षणभर, कबूल करते, बरंही वाटलं. आणि मग असा संताप आला, तिचाही आणि माझाही! हे असंच चालणार का? एकीने दुसरीची लाज झाकायची, कागदावर उकळलेलं दूध लिहिलं जायचं, आणि तुलसी नगरात नाही तर आणखी कुठे पुढच्या पौर्णिमेला एखादं टकलू पोर पसा पुढे करणार? ज्या संशोधनाने आम्हाला विचारलं नाही म्हणून मी दीड वर्ष जळत होते, ते आज दारात येऊन विचारत होतं आणि आम्ही खोटं सांगत होतो.

"थांब," मी म्हणाले. "लिही. पंचामृत. निरश्या दुधाचं, पाच तास उन्हाळ्यात ठेवलेलं. एक पळी. हिने मला विचारलं होतं, तरी मी दिलं."

मुलीने वर पाहिलं. म्हणाली, त्यामुळेच झालं असं नक्की नाही म्हणता येणार, आंटी. मी म्हणाले, तरी लिही. तिने लिहिलं.

मग सुनंदा, अजूनही जमिनीकडेच पाहत, म्हणाली, "एक नाही. दोन." आणि पुढे, "ताई शिरा वाटायला बाहेर गेल्या, तेव्हा तिनं अजून मागितलं. महिने झाले होते पोरीला काही गोड लागून. मग मीच दिलं."

मुलीने एक खोडून दोन केले.