बोर्डावरची बाय

कुणी काही विचारलं, की बाय आधी तो प्रश्न विचारणाऱ्यालाच परत ऐकवत. "चहा घेणार?" एवढं विचारलं तरी, "चहा. मला विचारतोयस. हो, घेईन." नवख्या माणसाला वाटे, बाईंना कमी ऐकू येतं. तसं काही नव्हतं. फोर्टातल्या एका जुन्या कंपनीत त्यांनी सोळा वर्षं टेलिफोन बोर्डावर काढली होती. मागितलेला नंबर परत उच्चारल्याशिवाय जोडायचा नाही, ही तिथली शिस्त अंगात मुरली होती. पुढे बोर्ड भंगारात गेला आणि कंपनीने विचारलं, घरी बसता की कॉम्प्युटर शिकता? बाय शिकल्या. चाळिशी उलटल्यावर नेटवर्कची परीक्षा दिली. पहिल्या खेपेला नापास, दुसऱ्या खेपेला पास. हे दोन्ही त्या सारख्याच आवाजात सांगत.

आमची गाठ पडली ती वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, दोन हजार पाचच्या सुमारास. इतरांच्या वेबसाइट सांभाळणारी आमची लहानशी कंपनी होती. मी आचोळ्याचा, सव्वीस वर्षांचा, इंजिनियर, आणि चार माणसांच्या नेटवर्क विभागाचा प्रमुख. बाय गिरीजच्या, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठ्या, आणि माझ्या हाताखाली. घरचे त्यांना बाय म्हणत, तेच ऑफिसात चिकटलं. घरून फोन आला की त्या आपल्या बोलीत सुरू होत आणि आम्हाला एक शब्द कळत नसे. फोन ठेवला की लगेच शुद्ध मराठी, आणि डब्यातलं सुकेळं, म्हणजे वाळवलेलं केळं, अर्धं मोडून शेजारच्याच्या हातात.

त्यांच्याकडे लोड बॅलन्सर होता. एकाच वेबसाइटवर हजारो माणसं आली की ती मागच्या वेगवेगळ्या सर्व्हरांवर वाटून देणारं यंत्र. या यंत्रावर 'व्हर्च्युअल सर्व्हर' मांडावे लागतात, म्हणजे बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला पत्ता. तिथे खरा सर्व्हर नसतोच. मी हे पुस्तकातून शिकलो होतो. बायनी ते एका वाक्यात संपवलं : "गिऱ्हाइकाला एक नंबर ठाऊक असतो. मागे किती टेबलं आहेत ते त्याला कशाला सांगायचं?"

त्या पत्त्याचे प्रकारही त्यांनी आपल्या पद्धतीने लावून घेतले होते. स्टँडर्ड प्रकारात यंत्र दोन्ही बाजूंशी स्वतंत्र बोलतं, आत काय मागितलंय ते वाचतं, आणि कोण आधी कुठल्या सर्व्हरवर होतं ते सांगणारी कुकी नावाची खूणही. "म्हणजे मी लाइनीवर बसून आहे," बाय म्हणत. दुसरा प्रकार वेगवान. आत न बघता नुसतं पुढे ढकलायचं. "जोडलं आणि कान काढून घेतला." फॉरवर्डिंग म्हणजे वाटणी नाही, फक्त वाट दाखवायची. आणि रिजेक्ट म्हणजे, "असा नंबर इथे नाही, हे नीट सांगायचं. ताटकळत ठेवायचं नाही."

एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशअर्जांची साइट आमच्याकडे होती. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी यंत्रावर ताण वाढला. मी म्हणालो, "बाय, त्यांचा व्हर्च्युअल सर्व्हर वेगवान प्रकारात टाका."

"वेगवान प्रकारात. अर्जाच्या साइटला." त्या माझ्याकडे वळल्या. "सर, त्यात कुकी वाचता येत नाही. एका सर्व्हरवर दोन पानं भरलेलं मूल तिसऱ्या पानाला दुसऱ्या सर्व्हरवर जाईल. तो त्याला ओळखणार नाही."

"ते बघू. आधी ताण उतरवा."

"माझी हरकत आहे."

"ऐकली. आता करा."

त्यांनी केलं. ताण उतरला आणि मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून फोन सुरू झाले. तिसऱ्या पानावर आलं की साइट पुन्हा नाव विचारते, भरलेलं सगळं पुसलं जातं. मी पडद्यासमोर गोठून बसलो होतो. बायनी एक फोन उचलला. आगाशीची मुलगी होती, सायबर कॅफेतून बोलत होती, रडत होती. "तिसऱ्या पानावर आहेस. तीनदा भरलास. बरं. नाव काय तुझं? फोन ठेवू नकोस, मी इथेच आहे." रिसीव्हर खांद्यात धरून त्यांनी प्रकार पुन्हा स्टँडर्ड केला, काढलेली कुकीची सेटिंग परत लावली आणि म्हणाल्या, "आता पहिल्यापासून भर. सावकाश. मी लाइनीवर आहे." वीस मिनिटं त्या तशाच बसून होत्या. मग पलीकडून किंचाळणंच ऐकू आलं. "अर्जाचा नंबर आला? लिहून घे. आता मला वाचून दाखव."

दुपारी मालक आले. "हा बदल कुणी केला?"

मी तोंड उघडलंच नाही.

"मी केला," बाय म्हणाल्या.

"बोर्डावरची बाई यंत्रावर बसवली की असंच व्हायचं!" मालक गरजले आणि तासाभरात बायच्या नावाने ताकीदपत्र आलं. ते त्यांनी शांतपणे पर्समध्ये ठेवलं. संध्याकाळी जिन्यात मी त्यांना गाठलं.

"मी खोटं नाही बोलले," त्या म्हणाल्या. "बटण मीच दाबलं. कुणाच्या सांगण्यावरून, ते तू सांगायचं होतंस." त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा सर म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालक यायच्या आधी मी त्यांच्या दाराशी उभा होतो. सगळं सांगितलं, हुकूम माझा, हरकत बायची, आणि कालची माझी दातखीळ. मालक तापट असले तरी सरळ होते. त्यांनी बायना बोलावून ताकीदपत्र परत मागितलं, सगळ्यांसमोर फाडलं, माफी मागितली. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "विभाग आजपासून यांच्याकडे."

बाय खुर्चीकडे जाताना माझ्याजवळ थांबल्या. "उशीर केलास," त्या म्हणाल्या, "पण आलास."

लोक समजतात की मला ते फार लागलं असेल. चार दिवस लागलं, खरं आहे. पण पुढची तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली जे शिकलो, त्यावर आजवर माझं पोट भरतंय. त्यांच्या राज्यात कुणी "माझी हरकत आहे" म्हटलं, की काम तिथेच थांबे. हरकत परत उच्चारली जाई, तपासली जाई, मगच पुढचं पाऊल. दोनदा हरकत माझी होती, आणि दोन्ही वेळा बायनी आपला निर्णय फिरवला. त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. मुलाखतीला पुण्याला गेलो तेव्हा व्हर्च्युअल सर्व्हरचे प्रकार विचारले. मी जोडलेल्या लाइनीच्या भाषेत उत्तर दिलं. समोरचे तिघेही हसले आणि नोकरी मिळाली.

ऑफिसातल्या माझ्या शेवटच्या दिवशी केक कापून झाला, भाषणं झाली. मग बाय मला सर्व्हर रूममध्ये घेऊन गेल्या, यंत्राचा पडदा उघडला आणि वापरणाऱ्यांच्या यादीत माझं नाव शोधलं.

"तुझं खातं तूच बंद कर."

"मीच?"

"गेलेल्या माणसाचा पासवर्ड चालू ठेवायचा नाही. आणि तुझा मला काढवणार नाही."

यंत्राने विचारलं, नक्की काढायचं? बायनी माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने वाचलं आणि मान हलवली. मी बटण दाबलं. यादीतलं नाव गेलं, खालची नावं एकेक ओळ वर सरकली.

दारापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या. नियमच होता तो. बाहेरच्या माणसाला सर्व्हर रूममध्ये एकटं सोडायचं नाही.