दुसरी खाच

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आमच्या लोकांच्या सभांना मला बोलवायचे, आपला माणूस शास्त्रज्ञ झाला म्हणून. तिथं मी अर्धीच गोष्ट सांगायचो. त्या अर्ध्या गोष्टीवर टाळ्या पडायच्या. आधी तीच सांगतो.

आदिलाबादच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा नवा लेक्चरर होतो. घर भीमपूरकडचं. बाप लोकांच्या वावरात राबलेला. मला पीएच.डी. करायची होती. स्फटिक वाढवायचा, त्यातून क्ष-किरण सोडायचे, आणि फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून रेणूत कोणता अणू कुठं बसलाय ते शोधून काढायचं, असं ते काम. यंत्र हैदराबादला होतं, पण स्फटिक इथंच वाढवावा लागे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात माझा एक बीकर ठेवलेला होता. त्याला धक्का लावायचा नाही, हलवायचा नाही. पोळ्यापासून मी त्याला जपत होतो. तळाशी मिठाच्या खड्याएवढे दाणे धरले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. आंध्रात त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. प्रयोगशाळाही सुटत नाही. मी पोचलो तेव्हा तराजूला झेंडूची माळ होती, टेबलं धुऊन काढलेली होती, आणि माझा बीकर रिकामा, पालथा ठेवलेला होता.

मी विचारलं, हे कोणी केलं. विभागप्रमुखांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. सगळा स्टाफ उभा होता, मुलं होती. ते म्हणाले, "गंदा पानी था, फिंकवा दिया. तुम लोगां के हाथ से साफ चीज बनती क्या?"

लोक हसले. काही माझे विद्यार्थी होते, तेही हसले. मग त्यांनी प्रसाद पुढे केला. वरून टाकायच्या बेतानं, हाताला हात लागू नये असा. मी हात पुढे केला नाही.

"कल दसरा है. उसी दिन मेरे बाप ने तुम्हारे देव छोड़े," मी म्हणालो. "परसाद मैं नहीं लेता."

दसऱ्याची सुट्टी संपली आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडून काढून घेतली.

मग मी भाड्याच्या खोलीत स्फटिक वाढवला. आदिलाबादची थंडी कडक. पण द्रावण एकदम गार झालं की दाणे चुरा होऊन पडतात. ते हळूहळू गार व्हावं लागतं. म्हणून मी मार्केटातून सरकीसकट कापूस आणला, पत्र्याच्या डब्यात भरला आणि मधे बीकर पुरला. बीकरला हादरा बसू नये म्हणून बायको शेजारणींना मिरच्या कुटू द्यायची नाही, आणि मला म्हणायची, "कपासात अंडं उबवून राह्यले काय तुमी?"

स्फटिक आला. स्वच्छ, धारदार कडांचा.

त्याच्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरणांच्या आलेखात मला एक गोष्ट सापडली. रेणूतला एक बंध आलेखावर एक खाच पाडतो. माझ्याकडे त्या जागी दोन खाचा होत्या. म्हणजे स्फटिकात दोन तऱ्हेचे रेणू होते. घडण एकच, पण प्रत्येकाची बसण्याची जागा वेगळी. क्ष-किरणांच्या फिल्मनंही तेच सांगितलं. त्या दोन खाचांवर मला पदवी मिळाली, दुसऱ्या विद्यापीठात नोकरी मिळाली, पुढं प्रोफेसरकी मिळाली.

इथपर्यंत मी सभेत सांगायचो.

आता पुढचं.

ते विभागप्रमुखही ओळखीपाळखीनं विद्यापीठात चढले, मार्गदर्शक झाले. आपल्या दोन पुतण्यांना त्यांनी पदव्या मिळवून दिल्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी वाट पाहत होतो. कधी ना कधी त्यांचं काहीतरी माझ्या हातात येईल.

आलं. एक प्रबंध परीक्षणासाठी आला. मार्गदर्शक तेच. विद्यार्थिनीचं नाव के. सुनंदा.

आंध्रात आडनावाचं एक अक्षर उरतं आणि ते नावाच्या आधी लागतं. शाळेत माझंही तसंच झालं होतं. मला कळायला हवं होतं. पण मार्गदर्शकाचं अक्षरही 'के'च. मी म्हटलं, आता पुतणी आली. एवढ्यावर मी ठरवून टाकलं. मग वाचायला घेतलं.

प्रबंध चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला. तिच्याही आलेखात दोन खाचा होत्या. तिनंही दोन तऱ्हेचे रेणू मांडले होते आणि मोजमापं चोख होती. ते बरोबर आहे हे या देशात माझ्याइतकं कोणाला कळत असेल, असं मला वाटत नाही.

तोंडी परीक्षेला मी तिला विचारलं, दुसरी खाच मळाची कशावरून नाही? ती म्हणाली, स्फटिक तीनदा नव्यानं काढला, तिन्ही वेळा खाच तिथंच. आवाज शांत होता तिचा. मी पुन्हा तेच विचारलं. मग आणखी एकदा. शेवटी सगळ्यांसमोर म्हणालो की तुमच्या हातून साफ स्फटिक कधी आलाच नाही.

मार्गदर्शकांकडे पाहिलं तिनं. ते चष्मा पुसत होते.

मी 'शिफारस नाही' असं लिहून सही केली. छाती हलकी झाली. खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

बाहेर आलो. व्हरांड्याच्या पायरीवर ती बसली होती, शेजारी धोतरातला एक म्हातारा.

"काऊन वं, काय झालं?"

"नाही देल्ली, बा. मले नाही देल्ली त्याइनं."

"कोन व्हता तो?"

"आपल्याच इकडचा हाय. भीमपूरचा. मी त खुश झाली व्हती, का आपला माणूस येऊन राह्यला."

मी खांबाआड उभा होतो. मार्गदर्शक मागून आले. "कांबळे है वो," म्हणाले. "बाजारहत्नूर की. आपको मालूम नहीं था?"

त्यांनीच पुढचं सांगितलं. तिच्या शोधनिबंधावर त्यांना पुतण्याचं नाव घालायचं होतं. तिनं घालू दिलं नाही. म्हणून परीक्षकांच्या नावात त्यांनी माझं नाव सुचवलं होतं. मग खांद्यावर हात ठेवला माझ्या. आता हात लागलेला चालत होता.

"मैं फेल करता तो जात का केस बनता. आप करे, तो सिर्फ केमिस्ट्री है."

कागद अजून आत टेबलावर होता. मी परत जाऊन फाडू शकत होतो. ते म्हणाले, चाय पिएंगे? मी प्यायलो. तो माणूस अजून जिवंत आहे आणि मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण त्या दिवशी त्याच्या हातातलं हत्यार मी होतो, आणि हत्याराची पूजा त्यानं चहानं केली.

निवृत्त होऊन आदिलाबादला आलो, तेव्हा एकदा बाजारहत्नूरला गेलो. सुनंदा कांबळे तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. वर्गाच्या दारात आली आणि तिनं लगेच ओळखलं. मी तोंड उघडलं, पण शाळेची इमारत छान आहे, एवढंच म्हणालो.

ती म्हणाली, "सर, माफीबिफी मागाले आले असान त ठेवा तुमच्यापाशी. ते खाच खरी व्हती का नव्हती, तेवढं लिहून द्या."

मी म्हणालो, बघतो. आणि पळून आलो. त्या वर्षी माझा सत्कार ठरला होता.

आता लिहून देतो. दुसरी खाच खरी होती. स्फटिक साफ होता. प्रबंध बरोबर होता आणि मला ते माहीत असताना मी तो पाडला. परीक्षक म्हणून मला कोणी निवडलं आणि कशासाठी, तेही इथं लिहिलं आहे. माझ्या सहीनिशी हे विद्यापीठात जाईल. एक प्रत मी स्वतः त्या गृहस्थांच्या दारात घेऊन जाणार, त्यांच्या नातवंडांसमोर वाचणार. त्यांनी माझ्यावर खटला भरावा. मला तेच हवं आहे. शपथेवर सगळं बोलता येईल.

माझी पदवी, माझी पेन्शन, काय काढून घ्यायचं ते घ्या. तिची पदवी तिला द्या.

'चुकलं माझं, सुनंदा,' एवढंच म्हणायचं होतं त्या दारात. निघालं नाही. आता ती पदवी तिच्या हातात पडेपर्यंत मी ते म्हणणार नाही. त्याआधी मेलो, तर न म्हणता मरेन.