पायरीवरची लाल बादली

ऑर्व्हल ट्वेट सकाळी साडेसातला दार उघडायचा, लाल बादली पायरीवर ठेवायचा आणि दार लावून कॉफीकडे वळायचा. मैदानात दीडशे पावलांवर आयडेला प्रोकॉपची ट्रेलर होती. तिच्याही पायरीवर अशीच लाल बादली यायची. बादल्या रिकाम्या असत. बादली बाहेर आली म्हणजे आतलं माणूस जिवंत आहे, एवढंच.

ही शक्कल आयडेलाची. सहा हिवाळ्यांपूर्वी ओढ्यापलीकडचा एक म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या गेला आणि चार दिवस कोणाला पत्ता नव्हता. क्वार्ट्झसाइटच्या या सरकारी मालकीच्या वाळवंटात हजारो लोक सप्टेंबर ते एप्रिल चाकांवरची घरं लावून राहतात, पण प्रत्येकाला मोकळी जागा हवी असते आणि त्या मोकळ्या जागेत माणूस हरवून जातो. पाचव्या दिवशी आयडेला गावातून दोन बादल्या घेऊन आली. ऑर्व्हलशी तोवर तिची मान हलवण्यापुरतीच ओळख होती.

"एक तुझी, एक माझी," ती म्हणाली. "साडेसातला बाहेर, सूर्य बुडाला की आत. आठपर्यंत दिसली नाही, तर मी हातोडा घेऊन येईन."

"आणि मी नुसता झोपलेला असलो तर?"

"तर उठशील."

एकदा खरंच झोपून राहिला होता. आठ वाजून पाच मिनिटांनी दार असं काही बडवलं गेलं की वरच्या फळीवरची भांडी खाली आली. "मेलायस की नुसता आळशी झालायस?" आयडेला बाहेरून ओरडत होती. पँट चढवताना ऑर्व्हलला हसू आवरेना. बायको गेल्यापासून कोणी त्याच्यावर असं ओरडलं नव्हतं.

नॉर्थ डकोटात चौतीस वर्षं त्याने शाळेच्या बस दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर घर विकून ही राहायची गाडी घेतली ती बायकोच्या, मार्लिसच्या हौसेखातर. ती दोन हिवाळे जगली. गाडीभोवती तिने पांढऱ्या दगडांची ओळ लावली होती. दर एप्रिलला नियमाप्रमाणे ते दगड विखरून टाकावे लागत आणि दर सप्टेंबरला ऑर्व्हल तेच दगड शोधून पुन्हा मांडत असे. निदान तेच आहेत अशी स्वतःची समजूत घालत असे. बाकी त्याला फारसं काम नव्हतं. दर दहा दिवसांनी सांडपाण्याची टाकी रिकामी करायची, पाणी भरायचं, पत्ते एकट्याने खेळायचे. सहा वर्षांत आयडेलाच्या टेबलावर तो चार वेळा जेवला असेल. माणूस मोठा घुमा. पण सकाळी कोणीतरी आपल्या पायरीकडे बघतं, यावर त्याचा दिवस निघायचा.

मुलगी कारिन ओमाहात राहायची. तळघरातली खोली तिने बाबांसाठी रंगवून ठेवली होती आणि दर रविवारी फोनवर तोच विषय निघायचा.

"बाबा, शहात्तर पूर्ण झाली तुम्हाला. तिथे पडलात तर कोणाला कळणार आहे?"

"अर्ध्या तासात कळेल. तुझ्या ओमाहात शेजारी मेला तर वास आल्यावर कळतं."

"काहीतरीच! मग करून बघा ना. एक दिवस ती बादली ठेवू नका. आलं कोणी, तर मी हा विषय कायमचा बंद करते. संध्याकाळपर्यंत कोणी नाही आलं, तर गाडी विकायची आणि एप्रिलमध्ये इकडे यायचं. आहे कबूल?"

"कबूल," ऑर्व्हल म्हणाला. त्याला हातोडा आठवत होता.

मंगळवारी त्याने बादली आतच ठेवली. आपण हलताना दिसलो तर सगळाच विचका, म्हणून सगळे पडदे घट्ट ओढले, रेडिओ लावला नाही, कॉफीसुद्धा केली नाही. दाढी मात्र केली. आयडेला धावत येईल, घाबरलेली असेल, मग चिडेल, मग आपण तिला अंडी तळून घालू, असं सगळं त्याने ठरवून टाकलं होतं. आठ वाजले तसा तो दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसला.

सव्वाआठ झाले. नऊ झाले. आज झोपली असेल, त्याने मनाशी म्हटलं. दहाच्या सुमाराला खडीवर पावलं वाजली. तो ताडकन उठला, केस सारखे केले, चेहऱ्यावर आजारपण आणलं. दारावर थाप पडेना. मागच्या पडद्याच्या फटीतून बघितलं तर एक रानगाढव कचऱ्याचा डबा हुंगत उभं होतं.

"तू तरी आलास," तो त्याला म्हणाला.

बारानंतर त्याला राग यायला लागला. सहा वर्षं! सहा वर्षं आपण हिच्या भरवशावर निवांत झोपलो आणि हिला पायरीकडे बघायलाही फुरसत नाही. जे दार वाजलं नाही त्याच्याकडे बघत तो बसून राहिला. पोटात अन्न नव्हतं. आपण या जगात कोणाचेच नाही, हे त्याला त्या दुपारी जेवढं कळलं तेवढं मार्लिसला पुरून आल्यावरही कळलं नव्हतं.

पावणेतीनला तो उठला. हरलो तर हरलो, पण बाईला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहायचं नाही. त्याने स्वयंपाकाच्या ओट्यावरचा पडदा फर्रकन बाजूला केला.

समोर आयडेलाची पायरी रिकामी होती.

तो तसाच मोज्यांवर धावला. दार आतून लावलेलं होतं. हातोडा शोधत कोण बसणार? दगडाने काच फोडली, हात घालून कडी काढली. आयडेला न्हाणीघराच्या दारात पडलेली होती. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, ओठ कोरडे ठणठणीत. फोन टेबलावर, हाताच्या टप्प्याबाहेर.

"पहाटे सहाला घसरले," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "म्हटलं दीडच तास काढायचाय. साडेसात होतील, आठ होतील, ऑर्व्हल बघेल. आठ वाजले का रे?"

"आत्ताच वाजले," ऑर्व्हल म्हणाला.

पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन आत येऊन तिच्या पावलांवर पडलं होतं. आयडेलाने ते बराच वेळ पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "वेळेवर आलास."

त्याने चमच्याने तिच्या तोंडात पाणी घातलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिचा हात धरून जमिनीवर बसून राहिला. स्ट्रेचरवरून नेताना ती म्हणाली, "माझी बादली तेवढी सांभाळून ठेव." कंबरेचं हाड गेलं होतं. ती आता पुन्हा वाळवंटात येणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

सूर्य बुडता बुडता कारिनचा फोन आला.

"काय बाबा? आलं का कोणी?"

"नाही. कोणी नाही आलं."

कारिनला वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद तिच्या आवाजात अजिबात नव्हता. "ती शेजारची पण नाही? ती तर हातोडा घेऊन येणार होती ना?"

"ती वाट बघत होती."

"कोणाची?"

ऑर्व्हलच्या मांडीवर दोन लाल बादल्या होत्या, एकीत एक घातलेल्या.

"माझी," तो म्हणाला. आणि आईच्या दफनालाही न रडलेला आपला बाप रडतोय, हे कारिनने ओमाहात फोन कानाला धरून ऐकलं.