कर्जाबद्दल मोठ्याने बोलणाऱ्या कमळाताई

आमच्या खांदा कॉलनीतल्या इमारतीत कुणी थकलेल्या कर्जाचं गाऱ्हाणं घेऊन कमळाताई म्हात्रेंकडे गेलं, की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. ताई मात्र उठून दार सताड उघडायच्या आणि जिन्यातून जाणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "बोल, कुनाचा थकलाय?" समोरचा ओशाळला तर म्हणायच्या, "कर्ज काय चोरी हाय? कुजबुजतंस कशाला?"

ताई मूळच्या गव्हाण गावच्या. एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात सगळी नोकरी काढून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. घरी गावची बोली, पण कुठल्याही कचेरीची पायरी चढली की अशी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या की सोबतच्या माणसाने चमकून बघावं.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घरमालकांनी घर विकायला काढलं आणि भल्या मनाने आधी आम्हालाच विचारलं. लेकीची शाळा समोर, शेजार जिवाभावाचा. हे घर आपलं व्हावं असं आम्हा दोघांनाही फार वाटत होतं. पण बँकेने माझ्या नवऱ्याचा, प्रशांतचा, क्रेडिट रिपोर्ट काढला आणि कर्ज नाकारलं. रिपोर्टात दोन जुनी थकलेली कर्जं होती. एक मोटरसायकलचं, जे त्याने कधी घेतलंच नव्हतं. दुसरं मात्र त्याचंच. पूर्वी त्याची कंपनी बंद पडली तेव्हा हप्ते थकले होते. वसुलीवाल्याने थोडी रक्कम घेतली, उरलेली सोडून दिली आणि प्रकरण मिटलं म्हणून सांगितलं होतं.

स्टेशनजवळ बसणारा एक एजंट म्हणाला, "दोन्ही कर्जं तुमची नाहीत अशी तक्रार टाकू. रिपोर्ट कोरा करून देतो." प्रशांतला ते पटलं होतं. मी म्हटलं, आधी ताईंना विचारू.

ताईंनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला. "ही मोटरसायकल तुजी?"

"नाही."

"आनि ह्या दुसरा?"

"ते माझं. पण ते मिटलंय, ताई."

"मिटला नाय. त्यांनी नाद सोडला," ताई म्हणाल्या. "खोटा हाय तो मी काढून देईन. खरा हाय तो तुला फेडावा लागंल. खऱ्याला खोटा म्हनायचा काम मी करत नाय."

प्रशांत रिपोर्टाची घडी घालून वर निघून आला. जेवताना "यांचं काय जातंय असं बोलायला," एवढंच एकदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताईच वर आल्या. चहा घेता घेता त्यांनी मोरा बंदरावरच्या एका कोळ्याची गोष्ट सांगितली. त्याने होडीसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं आणि पै न पै फेडलं होतं. शेवटचा हप्ता ताईंनीच त्याच्या घरी जाऊन घेतला होता. पण कचेरीत तो भलत्याच खात्यावर चढला आणि त्याचं नाव थकबाकीदारांत राहिलं. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी तो कर्ज मागायला गेला तेव्हा त्याला नाही म्हणाले.

"माज्यासमोर येऊन उभा रायला. म्हनला, बाय, मी फेडला ना तुज्या हातात?" ताईंनी कप खाली ठेवला. "नाव मीच मागं लागून काढून घेतला. पन तवर परवेशाची मुदत गेलती. चूक आमची, वरीस त्या पोरीचा गेला. तवापासून कागदावरचा खोटा मला सोसवत नाय. मग तो तुज्या इरुद्ध असो, नायतर तुज्या बाजूचा."

त्या गेल्यावर प्रशांतने एजंटला फोन करून नको म्हणून सांगितलं.

मग ताई कामाला लागल्या. मोटरसायकलच्या कर्जाची तक्रार त्यांनी आमच्याकडून ऑनलाइन करून घेतली आणि आम्हाला घेऊन ते कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीच्या कचेरीत गेल्या. तिथला अधिकारी म्हणाला, "सिस्टीममध्ये तर यांचंच नाव आहे."

"नाव यांचं आहे. सही यांची आहे का, ते बघायचंय. मूळ अर्ज मागवून घ्या."

"हेड ऑफिसला मेल करावा लागेल. वेळ लागेल, मॅडम."

"करा ना. आम्ही बसतो."

आणि ताईंनी पिशवीतून भिजवलेले वाल काढले आणि बाकावर बसून सोलायला घेतले. मलाही मूठभर दिले. येणारेजाणारे बघत होते. थोड्या वेळाने आतून मॅनेजर बाहेर आला, सालांकडे बघितलं, ताईंकडे बघितलं आणि स्वतः मेल पाठवला. काही दिवसांनी मूळ अर्ज आला. त्यावर फोटो होता एका झुपकेदार मिशांच्या माणसाचा. नाव आणि जन्मतारीख तेवढी सारखी. इतक्या दिवसांत प्रशांत पहिल्यांदाच खळखळून हसला. पुढे ती नोंद रिपोर्टातून निघाली.

दुसऱ्या कर्जाची सोडून दिलेली रक्कम प्रशांतने गाडीसाठी बाजूला टाकलेल्या पैशांतून भरली. कर्ज देणाऱ्या कंपनीकडून काही येणं उरलं नसल्याचं पत्र घेतलं. कर्ज पूर्ण फिटल्याची नोंद लागायला काही महिने गेले. घरमालकांना आम्ही खरं काय ते सांगितलं होतं, ते थांबले. नव्या रिपोर्टात जुने थकलेले हप्ते तरीही दिसत होते. प्रशांत हिरमुसला तेव्हा ताई म्हणाल्या, "ते रावदे. तू पडलास, मग उठलास. दोनी दिसूंदे." बँकेने तेवढ्यावर कर्ज दिलं. घर आमचं झालं.

पुढच्या वर्षी ताईंची धाकटी बहीण एकटी पडली, म्हणून ताई कायमच्या गव्हाणला राहायला गेल्या. सोसायटीने सत्कार ठरवला होता. "शाल नको, उकडतंय," म्हणून त्यांनी तो हाणून पाडला आणि सगळ्यांना घरी बोलावून वालाची उसळ वाढली.

मधूनमधून आम्ही त्यांना भेटायला जातो. मागच्या खेपेला ताई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. ताटावर बसलेला प्रशांत अवघडून म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे आमचं घर झालं."

ताईंनी वरही पाहिलं नाही. "घर तुमच्या पगारान झाला. मी नुसता नाव धुऊन दिला," त्या म्हणाल्या. "जेव आता, भाकर निवते."